विस्मृतीची रोजकीर्द

ज्या १८७९ साली लाइपझिग येथे विल्हेल्म वुंटने आपली मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली आणि संवेदना, अवधान, प्रतिक्रियेस लागणारा काळ अशा मनाच्या उंबरठ्यावरील व्यापारांचे मोजमाप शिष्यवर्गासह आरंभले, त्याच वर्षी हेर्मान एबिंगहाउस नावाचा एक एकोणतीस वर्षांचा विद्वान, ज्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, शिष्य नव्हते आणि मस्तकावर हात ठेवणारा गुरूही नव्हता, रोज ठरावीक वेळी एकटाच बसून, घड्याळाच्या टिकटिकीवर, मिनिटाला दीडशे या एकसारख्या गतीने, अर्थाचा लवलेशही उरू नये अशा बेताने बनवलेल्या शब्दावयवांच्या याद्या म्हणत होता, त्या मुखोद्गत करत होता, आणि काही काळ लोटल्यावर त्याच याद्या पुन्हा नव्याने मुखोद्गत करून त्यास किती वेळ लागला हे टिपून ठेवत होता. स्मृती, विचार, भाषा ही मनाची आतली दालने प्रयोगाच्या किल्लीने उघडणारी नव्हेत, अशी वुंटची धारणा होती, आणि ती त्या काळच्या बहुतेक पंडितांची होती. या एकाकी मनुष्याने ते दालन उघडले, आणि तेही स्मृतीच्या बाजूने नव्हे, तर तिच्या ऱ्हासाच्या बाजूने, म्हणजे विस्मृतीच्या दाराने.

एबिंगहाउसचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी ऱ्हाइन प्रांतातील बार्मेन या गावी झाला. बार्मेन हे कापडधंद्याचे, गिरण्यांचे आणि व्यापाराचे गाव होते. फ्रीडरिख एंगेल्सचेही तेच जन्मस्थान. एबिंगहाउसचे वडील व्यापारी होते, आणि या मुलाच्या पुढील आयुष्याचा विचार करताना मला नेहमी वाटत आले आहे की, ज्या घरात रोजकीर्द आणि खतावणी यांचा वावर असतो त्या घरातून आलेल्या मनुष्यालाच मनाच्या व्यवहाराचा जमाखर्च मांडण्याची बुद्धी सुचावी हे स्वाभाविक होते. बॉन विद्यापीठात त्याने इतिहास आणि भाषाशास्त्र या विषयांपासून आरंभ केला आणि तेथून तो तत्त्वज्ञानाकडे वळला. मध्येच १८७० सालचे फ्रान्सशी युद्ध उद्भवले तेव्हा प्रशियाच्या सैन्यात चाकरी करून आला. आणि १८७३ साली एडुआर्ड फॉन हार्टमानच्या अबोध मनाविषयीच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून त्याने पदवी संपादन केली. त्यानंतरची काही वर्षे इंग्लंड आणि फ्रान्स या देशांत शिकवण्या करण्यात आणि वाचनात गेली. याच काळात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याला गुस्टाव्ह फेख्नरचा १८६० साली प्रसिद्ध झालेला मनोभौतिकीवरील ग्रंथ मिळाला, असे सांगतात. बाहेरचा उद्दीपक आणि आतली संवेदना यांचे नाते गणिताने बांधता येते हे फेख्नरने दाखवले होते. प्रकाश आणि वजन यांविषयी जे शक्य झाले ते स्मरणाविषयी का शक्य होऊ नये, हा प्रश्न मनात घेऊनच एबिंगहाउस मायदेशी परतला. पुढे आपला मोठा ग्रंथ त्याने फेख्नरच्याच स्मृतीस अर्पण केला.

आता प्रश्न असा की, विस्मरण मोजायचे तरी कसे? मनुष्य जे पाठ करतो त्यात अर्थ असतो, लय असते, पूर्वीच्या परिचयाचे धागे असतात. कुणाला कविता आवडते म्हणून लवकर येते, कुणाला सनावळी कंटाळवाणी वाटते म्हणून येत नाही. अशा विषम सामग्रीवर मोजमाप करणे म्हणजे मातीच्या, पोलादाच्या आणि मेणाच्या गोळ्यांना एकच ताजवा लावण्यासारखे होते. म्हणून एबिंगहाउसने प्रथम सामग्रीच नवी घडवली. दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर बसवून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अवयव तयार केले, ते सरमिसळ करून त्यांतून येतील तसे काढले आणि त्यांच्या निरनिराळ्या लांबीच्या याद्या केल्या. मग स्वतःसाठी नियम मुक्रर केले आणि ते काटेकोरपणे पाळले. यादी नेहमी आरंभापासून शेवटपर्यंत म्हणायची, अवघड वाटला म्हणून मधलाच तुकडा घोटायचा नाही. आवाजाचा चढउतार एकसारखा ठेवायचा. एक यादी झाली की पंधरा सेकंद थांबायचे. अवयवांना ओढूनताणून अर्थ चिकटवून युक्तीने लक्षात ठेवायचे नाही. आणि ज्या दिवसांत प्रयोग चालू असतील त्या दिवसांत एकूण जीवनक्रमच शक्य तितका नियमित ठेवायचा. प्रयोगाची एक फेरी १८७९-८० मध्ये झाली, आणि स्वतःच्याच निष्कर्षांवर विश्वास टाकण्यापूर्वी त्याने १८८३-८४ मध्ये सारे पुन्हा पडताळून पाहिले. या चिकाटीपुढे मी नतमस्तक होतो. एखाद्या ऋषीने केलेले तप आपण पुराणात वाचतो, पण ज्या तपाचे फळ म्हणून कोणतेही दैवत प्रसन्न होणार नाही, केवळ आकड्यांचा एक तक्ता हाती येईल, असे तप वर्षानुवर्षे करणाऱ्याची निष्ठा काही निराळ्याच जातीची असते.

पण त्याची खरी प्रतिभा प्रकटली ती मोजण्याच्या रीतीत. एखादी गोष्ट आठवली की नाही एवढेच विचारले तर उत्तर हो किंवा नाही असे दोन टोकांचे येते. एबिंगहाउसने असे विचारलेच नाही. जी यादी पहिल्यांदा पाठ व्हायला समजा हजार सेकंद लागले ती काही काळाने, एकही अवयव आठवत नसला तरी, पुन्हा पाठ करायला सहाशेसाठ सेकंद लागले, तर वाचलेले तीनशेचाळीस सेकंद हे मनात उरलेल्या ठेवीचे माप होय. मूळ भांडवलाच्या चौतीस टक्के शिल्लक अजून कोठेतरी आहे, जरी खातेदाराला स्वतःला तिचा पत्ता नसला तरी. व्यापाऱ्याच्या मुलाने बचतीच्या हिशेबाने विस्मृती मोजली. आणि या रीतीत एक गूढ तत्त्व अनायासे सामावले होते, ते असे की, आठवत नाही म्हणजे गेले असे नव्हे.

जे हाती आले ते असे. यादी पाठ झाल्यावर वीस मिनिटांनी ५८ टक्के शिल्लक उरली होती, तासाभराने ४४, सुमारे नऊ तासांनी ३६, एका दिवसाने ३४, दोन दिवसांनी २८, सहा दिवसांनी २५, आणि पूर्ण महिना लोटल्यावर २१. म्हणजे पहिल्या तासात अर्ध्याहून अधिक भांडवल बुडाले, आणि पुढील तीस दिवसांत जे बुडाले ते त्या पहिल्या तासाच्या निम्म्याहूनही कमी होते. विस्मृती ही घरातील दाणे उंदराने रोज मूठमूठ न्यावेत तशी होत नाही; ती पुरासारखी पहिल्याच लोंढ्यात पुष्कळसे नेते आणि मग मंदावते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या स्मृतीवरील छोट्याशा पुस्तकातला हा तक्ता पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत वक्ररेषेच्या रूपाने छापला गेला.

त्या पुस्तकात आणखीही पुष्कळ आहे. सात अवयवांची यादी एका वाचनात येते, बारांच्या यादीस सोळा-सतरा आवर्तने लागतात, सोळांच्या यादीस तीस, छत्तिसांच्या यादीस पंचावन्न. आणि बायरनच्या ‘डॉन जुआन’ काव्यातील ऐंशी अवयवांच्या एका कडव्याला नऊच आवर्तने पुरतात, तर तितक्याच लांबीच्या निरर्थक सामग्रीला सत्तर-ऐंशी लागतील. अर्थ मनुष्याचे नऊ-दशांश ओझे वाहतो, हे असे आकड्यांनी सिद्ध झाले. आणि दुसरी गोष्ट अशी की, आदल्या एकाच दिवशी सलग अडुसष्ट वेळा घोकून जे साधते ते तीन दिवसांवर वाटून केलेल्या अडतीस आवर्तनांनी साधते. हे वाचताना मला दिवेलागणीच्या वेळी आमच्या घराच्या ओटीवर चालणारा परवचा आठवतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. रोज थोडे, पण रोज. आजोबा डोळे मिटून बसलेले असत आणि औटकीत कोणाची जीभ अडखळली की डोळे न उघडताच पुढचा आकडा सांगत. त्या आजोबांना बर्लिनच्या या विद्वानाचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते, पण आवर्तने एकाच दिवशी कोंबू नयेत, ती दिवसांवर पसरावीत, हे त्यांना त्यांच्या आजोबांकडून मिळाले होते.

असो. मूळ सूत्राकडे वळतो. विस्मृती किती होते हे कळले, परंतु ती का होते? या प्रश्नाशी आल्यावर एबिंगहाउसने तीन मते वाचकापुढे ठेवली. पहिले मत असे की, जुन्या प्रतिमांवर नव्या प्रतिमांचे थर चढत जातात आणि खालच्या झाकल्या जातात. दुसरे असे की, प्रतिमा स्वतःच काळाच्या ओघात फिकट होत जातात. तिसरे असे की, त्या फिकट होत नाहीत तर विस्कळित होतात, त्यांचे तुकडे सुटे होऊन एकेक हरवतो. आणि ही तीन मते मांडून झाल्यावर त्याने त्यांतील एकाचीही तरफदारी केली नाही, कारण कोणत्याच मताच्या बाजूने निर्णायक पुरावा त्याच्या दप्तरी नव्हता. शास्त्राच्या इतिहासात धाडसी अनुमानांची कीर्ती फार होते. या संयमाची झाली नाही, ती व्हायला हवी होती. पुढील सुमारे सत्तर वर्षांचा विस्मृतिशास्त्राचा इतिहास म्हणजे या तीन मतांमधील खटला होय, आणि त्या खटल्यात एक दिवस स्वतः एबिंगहाउसच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणार होता.

लोकव्यवहारात दुसरे मत प्रमाण मानले जाते. काळ हेच औषध, असे आपण शोकाकुल मनुष्याला सांगतो तेव्हा आपण काळाला विस्मृतीचा कर्ता मानत असतो. परंतु ज्यांचा स्मरण हाच आयुष्याचा व्यवसाय आहे त्यांना विचारावे. आमच्या गावातील एका वृद्ध वैदिकांना, ज्यांचे घनापर्यंतचे अध्ययन झाले होते, मी एकदा विचारले की, इतकी वर्षे लोटल्यावर मंत्र विसरतात का? ते म्हणाले, “बाळ, मंत्र विसरत नाही. पण एकच चरण दोन सूक्तांत आला ना, की जीभ या सूक्तातून त्या सूक्तात केव्हा गेली ते कळत नाही.” हा भेद मला त्या वेळी उमगला नव्हता. त्यांना भय काळाचे नव्हते, सादृश्याचे होते. जे आठवायचे ते नष्ट होत नव्हते, त्याच्या जागी त्याच्यासारखेच दुसरे येऊन उभे राहत होते. पद, क्रम, जटा, घन या पाठांत शब्दांना पुढून-मागून, उलटसुलट बांधण्याची जी विलक्षण योजना आपल्या पूर्वजांनी केली ती, मला वाटते, याच शत्रूविरुद्धची तटबंदी आहे. आणि न्यायसूत्रांत स्मरण होण्याची जी निमित्ते मोजली आहेत, प्रणिधान, अभ्यास, सादृश्य, संबंध, विरोध, सुखदुःख, भय अशी, ती पाहिली तर त्या शास्त्रकारांनाही स्मृती ही मुळात ठेवीची नसून ठेव बाहेर काढणाऱ्या निमित्ताची बाब वाटत होती असे दिसते.

युरोपात काळ हा विस्मृतीचा कर्ता नव्हे या मताच्या बाजूने पहिला सबळ पुरावा ग्यॉटिंगेनहून आला. तेथे गेऑर्ग एलियास म्यूलर हा कमालीचा चिकित्सक प्राध्यापक आणि त्याचा शिष्य आल्फोन्स पिल्त्सेकर यांनी १८९२ पासून प्रयोग करून १९०० साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. अवयवांच्या जोड्या पाठ झाल्यावर लगेच दुसरी यादी पुढे केली, किंवा नुसती निसर्गदृश्यांची चित्रे दाखवून त्यांचे वर्णन करायला सांगितले, तरीही पहिल्या यादीचे स्मरण खालावत असे. पण तेवढाच काळ मनुष्याला स्वस्थ बसू दिले तर ते टिकत असे. घड्याळाचा काळ दोन्हीकडे सारखाच होता, फरक होता तो त्या काळात काय घडले याचा. त्यांनी असेही नोंदवले की, पाठ झालेले अवयव नंतरही काही मिनिटे आपसूक मनात घोळत राहतात. त्यावरून त्यांनी असे अनुमान केले की, नवा ठसा उमटल्यावर तो पक्का होण्यास काही अवधी लागतो, आणि त्या ओल्या गिलाव्यावर दुसरा हात फिरला तर पहिली नक्षी बिघडते. ही कल्पना पुढे अर्धशतक जवळजवळ अडगळीत पडली होती. आज ती मेंदूच्या अभ्यासकांच्या नित्य व्यवहारातील आहे.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये जिग्मुंड फ्रॉइड विस्मृतीकडे अगदी निराळ्या वाटेने येत होता. १८९८ साली रागुझाहून हर्झेगोविनाकडे जाताना गाडीतील एका अनोळखी सहप्रवाशाशी बोलत असता ओर्व्हिएतो येथील भित्तिचित्रे काढणाऱ्या चित्रकाराचे नाव त्याला काही केल्या आठवेना. ‘बोत्तिचेल्ली’ आणि ‘बोल्त्राफिओ’ ही दोन नावे मात्र सारखी पुढे येत, आणि ती चुकीची आहेत हे त्याला कळत होते. खरे नाव होते ‘सिन्योरेल्ली’. फ्रॉइडने या एका नावामागचा जो तपशील काढला तो असा की, बोलण्याच्या ओघात त्याने मृत्यू आणि कामवासना यांविषयीचा एक विचार दडपला होता. ट्राफोई या गावी असताना एका रुग्णाने आत्महत्या केल्याची वार्ता त्याला मिळाली होती. आणि ‘सिन्योर’ या शब्दाचा जर्मन पर्याय ‘हेर’ हा ‘हर्झेगोविना’मार्गे त्या दडपलेल्या विचाराशी बांधला गेल्यामुळे नावाचा पूर्वार्ध त्या विचाराबरोबर बुडाला. हे विवेचन पडताळून पाहण्याचा मार्ग नाही, आणि ज्या शास्त्राने म्यूलरचा काटेकोरपणा पाहिला त्याला ते संशयास्पद वाटावे हे मी समजू शकतो. तरीही त्यातील एक गोष्ट मला मोलाची वाटते. फ्रॉइडच्या वृत्तांतातही नाव काळाने पुसले गेलेले नाही. त्याच्या वाटेत काहीतरी उभे आहे.

यानंतरचा प्रसंग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा. तेथे जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी १९२३ च्या वसंतात एक साधा पण मर्मभेदक प्रश्न विचारला. जर काळच विस्मृती घडवतो, तर मनुष्य जागा असो की झोपलेला, आठ तासांचे नुकसान सारखेच व्हायला हवे. जर मधल्या अनुभवांची गर्दी ती घडवते, तर झोपेत गर्दी नसते, म्हणून नुकसानही कमी व्हायला हवे. दोन विद्यार्थी प्रयोगासाठी प्रयोगशाळेतच राहायला आले. दहा-दहा निरर्थक अवयवांच्या याद्या त्यांनी कधी दिवसा पाठ करून दिवसाचे व्यवहार चालू ठेवायचे, कधी रात्री पाठ करून निजायचे, आणि एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्यांना विचारले जाई. झोपेत असले तर उठवून विचारले जाई. दोन तरुण जीव, अपरात्री कोणीतरी हलवून उठवतो आहे आणि अर्धवट ग्लानीत ते अर्थ नसलेले शब्द शोधत आहेत, हे दृश्य मी अनेकदा डोळ्यांसमोर आणले आहे. १९२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठ तास जागेपणी गेल्यावर दहांपैकी सरासरी एखादाच अवयव उरे. आठ तास झोपेत गेल्यावर निम्म्याहून अधिक उरत, आणि विशेष म्हणजे दोन तासांच्या झोपेनंतर जे उरले होते जवळपास तेच आठ तासांनंतरही उरत असे. झोपेत विस्मृतीचा पूर ओसरून थांबला होता.

आठ वर्षांनी, १९३२ साली, जॉन मॅकगिओक या अमेरिकन अभ्यासकाने या साऱ्याचे तात्पर्य एका दृष्टान्ताने सांगितले. लोखंड काळाच्या ओघात गंजते हे खरे, पण त्याला गंजवतो तो काळ नव्हे, प्राणवायू. काळ हा केवळ ज्यात ती क्रिया घडते तो अवकाश होय. त्याच वर्षी केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने आपला ग्रंथ प्रसिद्ध करून निरर्थक अवयवांच्या संपूर्ण परंपरेवरच आक्षेप घेतला. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची भुतांच्या युद्धाची एक कथा त्याने इंग्रज वाचकांना वाचायला देऊन पुनःपुन्हा सांगायला लावली, तेव्हा कथेतील होड्या बदलल्या, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली, आणि जे अनाकलनीय होते ते गळाले किंवा सुसंगत झाले. मनुष्य कथा विसरत नाही, ती आपल्या घरच्या साच्यात ओतून घेतो, असे त्याचे म्हणणे. हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

आता त्या साक्षीकडे येतो. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बेंटन अंडरवुड नावाचा प्राध्यापक होता. एबिंगहाउसच्या धर्तीवरचे प्रयोग गेली कित्येक दशके अनेक विद्यापीठांत चालले होते आणि त्यांत चोवीस तासांनंतरच्या विस्मृतीचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कोठे तीन-चतुर्थांश यादी विसरली जाई, कोठे जेमतेम एक-चतुर्थांश. अंडरवुडने हे सारे जुने प्रबंध काढून त्यांच्या तपशिलात एक गोष्ट शोधली, जी लिहिणाऱ्यांनी केवळ शिरस्ता म्हणून नोंदवली होती. प्रयोगाला बसलेल्या मनुष्याने त्या यादीपूर्वी त्याच प्रयोगशाळेत किती याद्या पाठ केल्या होत्या? हे आकडे मांडताच तो विस्कळित पसारा ओळीने उभा राहिला. ज्यांनी पूर्वी काहीच पाठ केले नव्हते त्यांना चोवीस तासांनी सुमारे पाऊण यादी आठवत होती. ज्यांनी वीस-वीस याद्या आधीच पाठ केल्या होत्या त्यांना पाव यादीही आठवत नव्हती. आपण नंतर जे शिकतो ते आधीचे बुजवते हे म्यूलरने दाखवले होते. अंडरवुडने दाखवले की, आधी शिकलेलेही नंतरच्याला बुजवते, आणि अधिक प्रमाणात बुजवते. हा प्रबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आता एबिंगहाउसचा तक्ता पुन्हा समोर घ्यावा. विस्मृतीच्या त्या एका प्रयोगमालिकेसाठीच त्याने १६३ दुहेरी प्रयोग केले होते, प्रत्येकात तेरा-तेरा अवयवांच्या बहुतेक वेळा आठ याद्या. म्हणजे बाराशेहून अधिक याद्या आणि पंधरा हजारांवर अवयव. त्याच्यापाशी अवयव होते सुमारे २,३००. त्यामुळे तोच अवयव निरनिराळ्या याद्यांत, निरनिराळ्या शेजाऱ्यांसह, सरासरी सहा-सात वेळा तरी त्याच्या जिभेवर आला असला पाहिजे, आणि ही गणना इतर मालिका वगळून आहे. चोवीस तासांत दोन-तृतीयांश भांडवल बुडालेले त्याने पाहिले ते काळाने बुडवलेले नव्हते. ते त्याच्याच अपार परिश्रमाने बुडवलेले होते. विस्मृती मोजण्यासाठी त्याने जितके अधिक पाठ केले तितका तो अधिक विसरणारा झाला, आणि मग त्या विसरण्याची प्रामाणिक नोंद करून ती मानवमात्राची वक्ररेषा म्हणून आपल्या हाती दिली. आमच्या गावातील वैदिकांचा एक चरण दोन सूक्तांत येत होता. याचा प्रत्येक चरण कितीतरी सूक्तांत येत होता. तरीही त्याने टिपलेले आकडे खोटे ठरले नाहीत हे त्याच्या सचोटीचे प्रमाण आहे. २०१५ साली अॅम्स्टरडॅममधील याप मुरे आणि योएरी ड्रॉस यांनी हा प्रयोग पुन्हा केला. एकाच व्यक्तीने सुमारे सत्तर तास खर्ची घालून याद्या पाठ केल्या, आणि रेषा बहुतांशी तीच उमटली.

अंडरवुडचा प्रबंध निघाला त्याच १९५७ साली कॅनडातील ब्रेंडा मिल्नर आणि शल्यवैद्य विल्यम स्कोव्हिल यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतील भाग, ज्यात हिप्पोकॅम्पस येतो, काढला गेला होता. एच. एम. या आद्याक्षरांनी तो सर्व जगाला परिचित झाला आणि २००८ साली निवर्तला. बालपण त्याला आठवे. पण अवधान दुसरीकडे वळताच क्षणापूर्वीचा अनुभव नाहीसा होई. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे काम त्याला तीन दिवस दिले तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि तिसऱ्या दिवशी तो कुशलतेने गिरवत असताना हे आपण पूर्वी कधी केले आहे याची त्याला यत्किंचितही जाणीव नव्हती. खातेदाराला पत्ता नाही आणि खात्यात शिल्लक आहे, हे एबिंगहाउसच्या बचतीच्या हिशेबातील तत्त्व येथे एका दुर्दैवी मनुष्याच्या हातात सदेह उभे होते.

एबिंगहाउसला हे काहीच पाहायला मिळाले नाही. १८८६ मध्ये तो बर्लिनला साहाय्यक प्राध्यापक झाला, १८९० मध्ये आर्थर कोनिगसमवेत त्याने मानसशास्त्राचे एक नियतकालिक काढले, आणि १८९४ मध्ये बर्लिनची मोठी जागा कार्ल श्टुम्फला मिळाल्यावर तो ब्रेस्लाऊला व तेथून १९०५ मध्ये हालेला गेला. स्मृतीवरील प्रयोग त्याने पुढे फारसे वाढवले नाहीत. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी फुप्फुसदाहाने, एकोणसाठाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. पण त्यापूर्वी एकदा तो पुन्हा त्या जुन्या रोजकीर्दीकडे वळला होता. तरुणपणी पाठ केलेली ‘डॉन जुआन’मधील कडवी, जी मधल्या बावीस वर्षांत त्याने पुन्हा घोकली नव्हती, त्याने समोर घेतली आणि पूर्वीच्याच रीतीने ती म्हणायला, मोजायला आरंभ केला. सोबत त्याच काव्यातील कधीही पाठ न केलेली कडवीही घेतली. हिशेब पुरा झाला तेव्हा जुन्या कडव्यांना नव्या कडव्यांपेक्षा ७ टक्के कमी श्रम लागले होते.